कललेला घोटा सरळ करताना

आपली जुनी चप्पल उलटी करून बघा. टाचेची बाहेरची कड मागून थोडी झिजलेली बहुतेक सगळ्यांचीच असते, त्यात विशेष काही नाही. पण एका पायाची चप्पल बाहेरच्या अंगाने पार बसलेली आणि दुसरी जवळपास धड असेल, तर त्या पायाच्या घोट्याकडे जरा लक्ष द्या. सकाळी उठल्यावरची पहिली काही पावलं तो घोटा दुखतो का, संध्याकाळी वावरातून परतल्यावर सुजतो का, उकिडवं बसताना अडतो का, हे आठवा. दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर आलं, तर पुढची माहिती आपल्या उपयोगाची आहे.

गुडघ्याच्या झिजेबद्दल आपल्याकडे पारावरही चर्चा होते. घोट्याची झीज त्या मानाने दुर्लक्षित. जगभरात साधारण शंभर प्रौढांपैकी एकाला ती असते. तिचा स्वभाव गुडघ्याच्या झिजेहून वेगळा आहे. गुडघा बहुधा वयाने आणि वजनाने झिजतो, घोटा मात्र जुन्या दुखापतीने. घोट्याची झीज झालेल्या दहा जणांपैकी सात-आठ जणांच्या मागे एखादं जुनं फ्रॅक्चर किंवा पुन्हा पुन्हा मुरगळलेला पाय निघतो. म्हणून हे दुखणं चाळिशीतल्या, कामाच्या ऐन उमेदीतल्या माणसालाही गाठतं.

आधी सांधा समजून घेऊ. घोट्यात तीन हाडं भेटतात. वरून येणारं नडगीचं जाड हाड, त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेलं बारीक हाड, आणि या दोघांच्या कमानीत बसलेलं घोट्याचं हाड, ज्याला डॉक्टर टॅलस म्हणतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना ज्या गाठी हाताला लागतात, ती वरच्या दोन हाडांची खालची टोकं आहेत.

हाडावर हाड घासू नये म्हणून टोकांवर एक गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. गुडघ्याच्या वाटीमागे हा थर पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जाड असू शकतो. घोट्यात तो जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास असतो आणि चालताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. तरीही तो जन्मभर टिकतो, कारण भार सगळीकडे सारखा वाटला जातो. ही वाटणी किती नाजूक आहे, ते रॅम्सी आणि हॅमिल्टन या दोन अमेरिकी शल्यविशारदांनी १९७६ साली मोजून दाखवलं. घोट्याचं हाड फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकलं, तरी हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. उरलेल्या जागेवर सगळा भार आला की ती जागा झिजणारच.

आता कलण्याकडे वळू. दुचाकीवरून पडून नडगी खालच्या टोकाला मोडली, प्लास्टर झालं किंवा हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली, दोन-तीन महिन्यांत माणूस चालू लागला. हाड जुळलं म्हणजे प्रकरण मिटलं, असं घरातले सगळे धरून चालतात. ते सरळ जुळलं की वाकडं, हे कुणी बघत नाही. पाच-दहा अंशांचा बाक डोळ्याला दिसतही नाही. मग दहा-पंधरा वर्षांनी घोटा दुखू लागतो आणि त्या जुन्या पडण्याशी त्याचा संबंध लावायचं कुणाला सुचत नाही. डॉक्टरांकडे जाताना ‘लहानपणी झाडावरून पडलो होतो’ हेही सांगा. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी झालेली इजा हाडाची वाढ एका बाजूने रोखते आणि पाय हळूहळू कलत जातो. पोलिओ, जन्मजात वाकडी पावलं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे सैल पडलेले दोरखंडासारखे बंध, ज्यांना लिगामेंट म्हणतात, हीदेखील कारणं असतात.

नडगीचं खालचं टोक आत कललं की टाच आत वळते आणि पाऊल बाहेरच्या कडेवर टेकतं. डॉक्टर याला व्हेरस म्हणतात. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो. चप्पल बाहेरून झिजते, पण सांध्यातली झीज होते आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला. कल उलटा, बाहेरच्या बाजूला असेल, तर त्याला व्हॅल्गस म्हणतात आणि झीजही बाहेरच्या अंगाला होते.

असा कललेला घोटा सरळ करण्याची एक शस्त्रक्रिया आहे, तिचं नाव सुप्रामॅलिओलर ऑस्टिओटॉमी. घोट्याच्या गाठींच्या जरा वर नडगीचं हाड ठरवून कापायचं, त्याचा बाक काढायचा आणि नव्या स्थितीत ते जुळू द्यायचं, एवढाच तिचा अर्थ. तिने गेलेली कूर्चा परत येत नाही. ती फक्त भार झिजलेल्या बाजूकडून शाबूत बाजूकडे सरकवते. म्हणूनच शाबूत बाजू शिल्लक असेल तेव्हाच तिचा उपयोग. सगळा सांधा झिजल्यावर भार सरकवायला जागाच उरत नाही. या दुखण्यात वेळ साधणं महत्त्वाचं आहे ते यामुळे.

इलाजाचा पहिला टप्पा म्हणजे दुखणं नेमकं कशाचं आहे ते ठरवणं. घोटा सुजला म्हणजे झीजच झाली, असं नाही. युरिक ॲसिड वाढून होणारा गाऊट, अनेक सांधे धरणारा आमवात, सांध्याचा क्षयरोग, हे सगळे घोट्यात येतात. सांध्याचा क्षयरोग आपल्या देशात अजून दिसतो. महिनोन्‌महिने सूज, बारीक ताप, वजन घटणं अशी लक्षणं असतील, तर आधी त्याचाच तपास व्हायला हवा. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावं. घोटा खूप सुजलाय, गरम लागतोय, पण दुखत मात्र फारसा नाही, अशी अवस्था असेल तर ते नसा बधिर झाल्यामुळे हाडं खचण्याचं लक्षण असू शकतं. अशा पायाचा विचार या शस्त्रक्रियेच्या चौकटीत करता येत नाही.

दुसरा टप्पा बिनचिऱ्याच्या उपचारांचा. तीन ते सहा महिने ते मनापासून करून बघायचे. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी घोट्याला कळतं. टाच धरून ठेवणारा, कडक तळव्याचा बूट चपलेपेक्षा बरा. बुटात एका बाजूने उंच असलेली गादी, घोट्याला धरून ठेवणारा पट्टा, पोटरी आणि घोट्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम, हे सगळं यात आलं. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बरीच माणसं ती दुखऱ्याच बाजूला धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणून ती कोपऱ्यात टाकून देतात.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नाव नसलेल्या पुड्यांनी. ‘वाताची पुडी’ घेतली आणि दोन दिवसांत सूज ओसरली, तर त्या पुडीत स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. महिनोन्‌महिने ते पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि पुढे शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर जखम भरायला त्रास होतो. दुखणं थांबवणाऱ्या नेहमीच्या गोळ्याही रोज, वर्षानुवर्षं घेण्याच्या नाहीत, कारण त्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात. सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन डॉक्टरांच्या हिशेबाने एखाददुसऱ्या वेळी ठीक, पण तो उपचार कल काढत नाही.

तिसरा टप्पा फोटोचा, आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं. घोट्याचा एक्स-रे बहुतेक ठिकाणी टेबलावर झोपवून काढतात. झोपलेल्या माणसाच्या घोट्यावर भार नसतो. त्यामुळे हाडांमधली फट खरी असते त्याहून मोठी दिसते आणि टॅलसचा कल झाकला जातो. ‘फोटो चांगला आहे, वयाचं दुखणं आहे’ असं सांगून माणूस घरी पाठवला जातो आणि दोन वर्षं वाया जातात. म्हणून फोटो काढणाऱ्याला आपण स्वतःहून सांगायचं, ‘उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन काढा.’ हे बोलायला संकोच वाटतो, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसं लिहून घेतलं तर प्रश्नच राहत नाही.

उभ्याने काढायचे फोटो साधारण असे असतात. घोट्याचा समोरून, घोट्याचा बाजूने, टाचेचा मागून, आणि कमरेपासून घोट्यापर्यंतच्या पूर्ण पायाचा एक. दोन्ही पायांचे काढलेले उत्तम, कारण चांगला पाय हेच आपलं मोजमाप. टाचेचा आणि पूर्ण पायाचा फोटो तालुक्याच्या गावी सहसा निघत नाही, त्यासाठी मोठं केंद्र गाठावं लागतं. तो टाळू मात्र नका. घोटा कललेला दिसतो आणि खरा बाक गुडघ्याशी किंवा टाचेच्या हाडात असतो, असं बऱ्याचदा घडतं. चुकीच्या जागी कापलेलं हाड ही या शस्त्रक्रियेतली महागात पडणारी चूक आहे, आणि ती शस्त्रक्रियागृहात होत नाही, फोटोच्या खोलीत होते.

फोटोवर डॉक्टर रेघा मारून कोन मोजतात. नडगीची मधली रेघ आणि सांध्याच्या छताची रेघ यांच्यातला कोन समोरून बघितला तर जवळपास काटकोन असतो, म्हणजे ८८ ते ९० अंशांच्या आसपास. बाजूने बघितला तर साधारण ८० अंश. आपला कोन यापासून जितका वेगळा, तितका आपला बाक. झीज किती पुढे गेली आहे, त्याची विभागणी जपानमधल्या नारा इथल्या योशिनोरी ताकाकुरा यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या अवस्थेत फट शाबूत, फक्त हाडाच्या कडांवर बारीक टोकं आलेली. दुसऱ्या अवस्थेत आतल्या बाजूची फट अरुंद झालेली. तिसरीचे दोन भाग आहेत. ‘अ’मध्ये आतल्या गाठीलगतची फट संपलेली, ‘ब’मध्ये ती झीज टॅलसच्या माथ्यापर्यंत पसरलेली. चौथ्या अवस्थेत सगळीच फट नाहीशी झालेली.

हाड सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेला दुसरी आणि तिसरीतली ‘अ’ या अवस्था सगळ्यात अनुकूल. ‘ब’मध्ये निकालाची खात्री कमी, चौथीत करूच नये. ताकाकुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली आत कललेल्या १८ घोट्यांवरच्या अशा शस्त्रक्रियेचे निकाल प्रसिद्ध केले, त्यातले १५ उत्तम किंवा चांगले होते. बाहेर कललेल्या घोट्यांचं काम पुढे स्वित्झर्लंडमधल्या लीस्टाल इथल्या बीट हिंटरमान यांच्या गटाने बरंच पुढे नेलं.

चौथा टप्पा निवडीचा. आपल्यासमोर खरं तर तीन वाटा असतात. पहिली ही हाड सरळ करण्याची. दुसरी वाट सांधा गोठवण्याची, तिला फ्यूजन म्हणतात. तीत घोट्याची हाडं स्क्रूने एकमेकांशी कायमची जोडतात. दुखणं जातं, पण घोट्याची हालचालही जाते, आणि वर्षानुवर्षं शेजारच्या सांध्यांवर जादा भार पडून ते झिजू शकतात. तिसरी वाट कृत्रिम घोटा बसवण्याची. गुडघ्याच्या मानाने तो कमी बसवला जातो, आणि नांगरलेल्या रानात चालणं, डोक्यावर ओझं वाहणं असली कामं त्याला मानवत नाहीत.

शेतात राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हाड सरळ करण्याचा मोठा फायदा असा, की स्वतःचा सांधा राहतो. ढेकळांतून, धुऱ्यावरून चालताना घोटा वाकावा लागतो, गोठवलेल्या घोट्याला ते जमत नाही. शिवाय पुढे कधी झीज वाढलीच, तर बाकीच्या दोन्ही वाटा मोकळ्या असतात, आणि सरळ केलेल्या पायात ती कामं सोपीही जातात.

ही शस्त्रक्रिया कुणाला नको? पायात रक्तपुरवठा कमी आहे, सांध्यात जंतुसंसर्ग आहे, साखर आटोक्यात नाही, किंवा पायाची संवेदना गेली आहे, अशांना. नुसतं वय आड येत नाही. तंबाखू मात्र येते. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कापलेलं हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. बिडी-सिगारेट तर आहेच, पण आपल्या वाशिम जिल्ह्यातला, तोंडात धरायचा तंबाखूचा खर्राही त्यातच मोडतो. खर्रा म्हणजे काही धूर नव्हे, असं म्हणणारे भेटतात. निकोटीन रक्तात जातं, ते धुरातून गेलं की गालफडातून, याचा हाडाला काही फरक पडत नाही. निदान महिना-दीड महिना आधी सोडायचा आणि हाड जुळेपर्यंत तोंडात धरायचा नाही. डॉक्टरांपासून लपवून खाणाऱ्याचं नुकसान डॉक्टरांचं होत नसतं.

जायचं कुठे? वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोरा, कुठल्याही तालुक्यात राहत असाल तरी सुरुवात जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे करता येते. वाशिमला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच वेळी ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं, त्यांत वाशिमचंही होतं. पण ही शस्त्रक्रिया रोज होणाऱ्यांतली नाही, तेव्हा त्यासाठी अकोला, अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी जावं लागण्याची तयारी ठेवा. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असल्याने नागपूर आणि संभाजीनगर पूर्वीइतकी दूर राहिलेली नाहीत.

अकोल्याचं वेगळं सांगायला हवं. १ जुलै १९९८ पर्यंत वाशिम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता आणि दवाखान्यासाठी आपली पावलं आजही तिकडेच वळतात. तिथलं डॉ. मिलिंद चौधरी यांचं सेंटर फॉर इलिझारोव्ह टेक्निक्स वाकड्या, आखूड आणि न जुळलेल्या हाडांच्या कामासाठी देशभरातल्या अस्थिशल्यविशारदांना ठाऊक आहे. इलिझारोव्ह हे सैबेरियातल्या कुरगानचे डॉक्टर. पायाभोवती धातूची कडी बसवून, हाडातून आरपार तारा घालून, बाहेरून नट फिरवत हाड थोडं थोडं सरकवायचं, ही त्यांची पद्धत. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. इटलीचा गिर्यारोहक कार्लो मौरी याचा वर्षानुवर्षं बरा न झालेला पाय १९८० साली कुरगानला दुरुस्त झाला आणि त्यानंतर पश्चिमेकडे या पद्धतीचं नाव झालं. बाक फार मोठा असेल, पाय आखूडही झाला असेल, किंवा जुन्या जखमांमुळे कातडी खराब असेल, तेव्हा हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या प्लेटपेक्षा ही कडी बरी पडतात.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सरळ आहेत. माझी झीज कुठल्या अवस्थेत आहे? बाक किती अंशांचा आणि नेमका कुठे? अशा शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता? हाड जुळलं नाही तर पुढे काय? नीट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, त्यात अपमान कुणाचाच नाही. खर्चाबद्दल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी भरती होण्याआधी करायची, नंतर नाही. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्यांना भेटा, आपली नेमकी शस्त्रक्रिया यादीत कुठल्या नावाने बसते आणि त्या रुग्णालयाला तिची मान्यता आहे का, ते विचारा.

पाचवा टप्पा आखणीचा. हा डॉक्टरांचा, पण त्यातलं गणित आपल्याला कळण्यासारखं आहे. घोटा आत कललेला असेल तर नडगीच्या आतल्या बाजूने, सांध्याच्या काही सेंटिमीटर वर काप घेतात, बाहेरची कड बिजागरीसारखी शाबूत ठेवतात आणि काप पाचरीच्या आकारात उघडतात. तिथे हाड साधारण ५ सेंटिमीटर रुंद असेल आणि १० अंशांचा बाक काढायचा असेल, तर पाचर तोंडाशी सुमारे ९ मिलिमीटर उघडावी लागते. अगदी काटकोनात आणून थांबत नाहीत, दोन-चार अंश पलीकडे नेतात, म्हणजे झिजलेल्या बाजूवरचा भार खरोखर हलतो. दुसरी रीत उलट बाजूची, बाहेरून पाचरीएवढं हाड काढून टाकून फट मिटवायची. उघडण्याच्या रीतीत पायाची लांबी राखली जाते, पण रिकाम्या जागेत हाड भरावं लागतं आणि आतल्या बाजूची पातळ कातडी ताणली जाते. मिटवण्याच्या रीतीत हाडाला हाड टेकतं, पण पाय किंचित आखूड होतो आणि बाहेरचं बारीक हाडही कापावं लागतं.

सहावा टप्पा घराच्या तयारीचा. याला लोक तयारीच समजत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. म्हणजे वॉकर किंवा कुबड्या, खालच्या मजल्यावर पलंग, शौचालयात कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये धरायला काहीतरी, आणि दिवसभर हाताशी एक माणूस. कुबड्या शस्त्रक्रियेच्या आधी आणून घरात चार दिवस चालून बघा. नंतर दुखऱ्या पायाने शिकायला गेलं की माणूस पडतो.

शेतीचं वेळापत्रकही बघा. सोयाबीन निघून दिवाळी झाली की शस्त्रक्रिया करून घेतलेली बरी. तूर आणि हरभऱ्याचं काम घरच्यांनी सांभाळलं, तर मृगाच्या पेरणीपर्यंत सहा-सात महिने हाताशी राहतात. मे महिन्यात शस्त्रक्रिया करून घेणारा जूनमध्ये घरी बसत नाही, आणि तिथूनच पुढचा बिघाड सुरू होतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोट रिकामं ठेवायचं, किती तास ते भूलतज्ज्ञ सांगतात. बहुधा पाठीतून इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. मांडीला रक्त थांबवणारा पट्टा बांधतात. काही शल्यविशारद आधी बारीक दुर्बीण घालून कूर्चा खरोखर किती शिल्लक आहे ते बघून घेतात. मग काप घेऊन, पडद्यावर सतत दिसणाऱ्या एक्स-रेच्या मदतीने हाडात दिशादर्शक तारा बसवतात आणि करवतीवर पाणी सोडत हाड कापतात. पाणी अशासाठी, की करवत तापली तर कडेचं हाड मरतं आणि जुळत नाही.

मग पाचर हळूहळू उघडतात. घाई केली तर बिजागरीसारखी ठेवलेली कड तडकते आणि पाय डळमळीत होतो. ती तडकली तरी दुरुस्त करता येते, फक्त जास्तीची प्लेट लागते. रिकाम्या जागेत बहुधा आपल्याच कमरेच्या हाडाचा तुकडा भरतात. म्हणून भूल उतरल्यावर कंबर घोट्यापेक्षा जास्त दुखली तर घाबरू नका. शेवटी प्लेट आणि स्क्रू. गरजेप्रमाणे टाचेचं हाड सरकवणं, सैल बंध आवळणं, टाचेची आखडलेली शीर लांबवणं, ही कामंही त्याच वेळी होतात.

पुढचे दोन आठवडे पाय उंच ठेवणं हाच मुख्य उपचार. उंच म्हणजे छातीच्या पातळीच्या वर, दोन उशा पोटरीखाली घालून. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय उंच नसतो. बोटं दर तासाला हलवायची. बोटं निळसर किंवा गार पडली, गोळ्यांनी न थांबणारी कळ आली, तळवा बधिर झाला, पोटरी दुखून सुजली, दम लागला, जखमेतून पू आला, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तळव्याचा बधिरपणा लोक अंगावर काढतात. पण आत कललेला पाय सरळ केल्यावर आतल्या गाठीमागून जाणारी नस ताणली जाऊ शकते, आणि ती वेळेत मोकळी करावी लागते. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांत निघतात.

यानंतर येतो सगळ्यात फसवा काळ. चौथ्या-पाचव्या आठवड्याला दुखणं जवळपास थांबतं. सूज उतरते, आणि समोरच्या अंगणापर्यंत जायला काय हरकत आहे, असं वाटू लागतं. हाड मात्र तेव्हा अजून कच्चं असतं. सगळा भार प्लेट-स्क्रूंवर येतो, स्क्रू सैल होतात आणि नुकताच काढलेला बाक परत येऊ लागतो. दुखत नाही म्हणजे जुळलं, हा हिशेब इथे चालत नाही. जुळलं की नाही ते फोटो सांगतो. सहाव्या आठवड्याचा आणि बाराव्या आठवड्याचा फोटो म्हणून चुकवायचा नाही, गाडीभाडं वाचवण्यासाठी तर मुळीच नाही.

सहा-आठ आठवड्यांनंतर डॉक्टर सांगतील तेवढा भार, आधी थोडा, मग निम्मा. किती ते कळायला घरचा वजनकाटा कामी येतो. काट्यावर पाय ठेवून हळूहळू दाबा आणि २० किलोला कसं वाटतं ते शिकून घ्या. सगळं ठीक असेल तर तीन महिन्यांच्या सुमारास पूर्ण भार देता येतो. दुकानाचं, कार्यालयाचं बैठं काम त्याआधी जमतं, वावरातलं काम चार ते सहा महिन्यांनी. संध्याकाळची सूज वर्षभरही राहू शकते, ती बिघाडाची खूण असेलच असं नाही. घोट्याचे व्यायाम मात्र परवानगी मिळताच सुरू करायचे, कारण जुळलेलं हाड आणि आखडलेला सांधा हा सौदा घाट्याचा आहे.

अपेक्षाही बेताची ठेवा. घोटा नवा होत नाही. उतारावर पळणं, दिवसभर ओझं वाहणं पूर्वीसारखं होईलच असं नाही. दुखणं बरंच कमी होतं आणि गोठवण्याची किंवा बदलण्याची वेळ काही वर्षांनी पुढे जाते, कुणाकुणाची येतही नाही.

आतल्या गाठीवर कातडी पातळ असल्यामुळे प्लेट बोटाला लागते, बुटात टोचते. त्रास होत असेल तर वर्षभराने, हाड पक्कं झाल्याचं फोटोत दिसल्यावर, ती काढता येते. त्रास नसेल तर राहू द्या. फक्त एक करा. शस्त्रक्रियेचा कागद, आधीचे-नंतरचे सगळे फोटो आणि प्लेटच्या वेष्टनावरची चिठ्ठी एका पिशवीत घालून ठेवा. प्लेट काढायची असो की पुढे दुसरी शस्त्रक्रिया करायची असो, ती कुठल्या बनावटीची आहे हे समोरच्या डॉक्टरांना लागतंच, कारण बनावटीप्रमाणे स्क्रूचा पेचकस वेगळा असू शकतो.